बाराव्या विहिरीची चव

पुण्याला वसतिगृहात पहिल्या दिवशी पाणी प्यालो आणि मला वाटलं, ह्यात काहीतरी घालायचं राहून गेलंय. तांब्या खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा प्यालो. खोलीतला सोबती नगरकडचा होता. तो म्हणाला, "काय झालं? धरणाचं पाणी आहे, गोड आहे." मी म्हटलं, "गोड कसलं, अळणी आहे." तो इतका हसला की शेजारच्या खोलीतले दोघं बघायला आले. पाण्याला अळणी म्हणणारा प्राणी त्यांनी प्रथमच पाहिला होता. मीही हसलो. तेव्हा हसलो, त्याचं आता वाईट वाटतं.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून, कामोठ्याच्या पलीकडं. आज त्या बाजूला कोणी गेलं तर इमारती दिसतील. तेव्हा एका अंगाला मिठागरं होती, दुसऱ्या अंगाला बांध घालून समुद्राकडून हिसकावलेली भातशेती, आणि मधे उंचवट्यावर चाळीसेक घरं. गावात दोन विहिरी. दोन्हींचं पाणी मचूळ. पावसाळ्यानंतर चारदोन महिने बरं लागायचं, म्हणजे आम्हाला बरं लागायचं. शिमगा उलटला की तेही तोंडात धरवत नसे. मग सगळ्या बाया खाडीचा बांध धरून पलीकडच्या गावच्या विहिरीवर जात. जाऊन येऊन अर्धी सकाळ मोडायची. शिवाय त्या गावच्या बायांचं ऐकून घ्यावं लागायचं ते वेगळंच.

माझी वहिनी मात्र बाराही महिने जायची. ती माथेरानच्या पायथ्याच्या एका गावातून आमच्याकडं आली होती, झऱ्याचं पाणी पिऊन वाढलेली. लग्न होऊन आली त्या दिवशी तिला प्यायला पाणी दिलं, तिनं एक घोट घेतला आणि उंबऱ्याबाहेर थुंकला. नवी नवरी, अंगाला हळद, आणि सासरचं पाणी थुंकली! गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. मी तेव्हा पाचेक वर्षांचा असेन. पुढल्याच वर्षी आई गेली, आणि मला वाढवलं ते हिनंच. बाकी सगळ्यांसारखं तिनं सोसून घेतलं, मिठागरावरची मजुरी, चिखल, पायाच्या भेगा. पाणी तेवढं तिला जमलं नाही. सगळी कामं उरकली की एक कळशी घेऊन ती बांधावरून जायची आणि आपल्यापुरतं पाणी घेऊन यायची. दादा तिला चिडवायचा, "आलं बघ रानीचं पानी."

तिला गावात 'डोंगरातली जीभ' म्हणत. टोमणा म्हणून सुरू झालं, पण पुढं त्याला मान आला. त्याचं कारण सांगायला हवं. मिठागरावरच्या माणसाला मीठ कळत नाही. दिवसभर ते अंगावर, ओठांवर, नाकात. त्यामुळं आमच्याकडं लग्नकार्यात रस्सा रांधला की आम्हाला त्यात मीठ बेताचं वाटे आणि बाहेरगावचे पाहुणे पहिल्या घासाला एकमेकांकडं बघत. एकदा एका व्याह्यानं भर पंगतीत विचारलं होतं, "मिठाचं आगर घरातच हाय का?" तेव्हापासून गावानं रिवाज पाडला. कुणाचंही लग्न असो, रश्शाचा टोप चुलीवरून उतरवण्याआधी वहिनीला बोलावणं जायचं. ती पळीभर रस्सा तळहातावर घ्यायची, चाखायची, आणि म्हणायची, "दोन तांबे पानी ओता." की ओतायचे. पाटलाच्या घरचं लग्न असलं तरी ओतायचे.

मी पनवेलच्या शाळेतून मॅट्रिक झालो आणि पुण्याला कॉलेजात गेलो. शेवटच्या दोन वर्षांसाठी भूशास्त्र घेतलं. दादाला वाटलं भूशास्त्र म्हणजे जमिनीची मोजणी, पोरगा तलाठी होऊन येणार. त्यानं गावभर तसं सांगूनही टाकलं. मी दिवाळीत दगडांची थैली घेऊन घरी आलो तेव्हा तो बराच वेळ थैलीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एवड्या लांबून दगड आनलेस? हितं काय कमी हायत?"

आमचे सर फटकळ होते. पहिल्याच तासाला त्यांनी आमच्या हातावर एकेक दगड ठेवला आणि म्हणाले, "चाटा." आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. "लाजता काय? चाटा! ज्याला दगड चाटायची किळस वाटते त्यानं वकिलीला जावं." शाडू जिभेला चिकटतो, सैंधव खारट लागतं, हे आम्ही असं शिकलो. मी मिठागरावरचा, म्हणून वर्गात मला चव घेण्यातला अधिकारी समजायला लागले. मलाही ते आवडायला लागलं. खेड्यातून आलेल्या पोराला कशानं का होईना, मान मिळाला तर तो काय नको म्हणणार? पण पाण्याचा विषय निघाला तेव्हा सरांनी फळ्यावर खडू आपटून सांगितलं होतं, "दगड तोंडानं ओळखा. पाणी बाटलीत भरून आणा. पाण्याच्या बाबतीत जिभेवर विश्वास ठेवणारा गाढव."

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं आपापला एक प्रदेश घेऊन प्रबंध लिहायचा होता. मी पनवेल खाडीच्या काठच्या विहिरी घेतल्या. कॉलेजातून बुचाच्या बारा बाटल्या मिळाल्या. एसटीनं घाट उतरताना एक फुटली. उरलेल्या अकरा वहिनीनं राखेनं घासून धुतल्या आणि अंगणात पालथ्या घातल्या. नाताळच्या सुट्टीत दहा दिवस मी पायी हिंडलो. अकरा विहिरींचं पाणी भरलं, बुचावर मेण ओतलं, भाताच्या खळीनं चिठ्ठ्या चिकटवल्या. सगळं सरांनी सांगितलं तसं. तोपर्यंत मी अगदी शहाण्यासारखा वागलो.

त्याच सुमाराला आमच्या गावाला सरकारी विहीर मंजूर झाली. सिमेंट आणि सुरुंगाची दारू सरकारची, अंगमेहनत गावाची. एका गावाला एकच विहीर. एकदा बांधली की पुन्हा नाव काढायचं नाही, असं ओव्हरसियरनं बजावून सांगितलं होतं. सोमवारी तो आखणी करायला येणार होता आणि गावात दोन तट पडले होते. काहीजण म्हणत, वर टेकाडाच्या अंगाला खोदू. तिथं सगळा काळा कातळ, फोडता फोडता जीव जाणार, आणि बायांना पुन्हा चढण. बाकीचे म्हणत, खाली गावाला लागून खोदू, जमीन मऊ आहे. पण खाली म्हणजे खाडीच्या जवळ. पाणी खारं लागलं तर?

पाटील घरी आले आणि ओटीवर बसून मला म्हणाले, "तू शिकलेला हायस. तू सांग."

त्या वेळी माझी छाती किती फुगली होती, ते आठवलं तरी लाज वाटते. पाटील माझ्या दारात! मी वीस वर्षांचा. मला पाटलांना खूश करायचं होतं, दादाला दाखवायचं होतं की दगडांची थैली फुकट नव्हती. पण सगळ्यांत जास्त मला वहिनीचं ते रोजचं बांधावरून जाणं बंद करायचं होतं. तिची कळशी घराच्या वीस पावलांवर भरली पाहिजे, एवढं एकच मनात होतं. त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मी इतका आंधळा झालो.

मी जागा दाखवली ती खालची. त्याला कारणही होतं. गावाच्या खालून काळ्या दगडाची एक उभी भिंत जमिनीत गेलेली मला दिसली होती. भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. मी गावाला समजावलं, "हा देवानं घातलेला बांध आहे. खाडीचं पाणी ह्याच्या पलीकडं राहील, डोंगराचं पाणी अलीकडं साठेल." बांध म्हटल्यावर आमच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा भिंतीला पुष्कळदा भेगा असतात, हे पुस्तकात त्याच पानावर पुढं लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण घोड्यावर बसल्यावर खाली कोण बघतो!

तरी पाटील सावध माणूस. ते म्हणाले, आधी खड्डा घेऊन बघू. रविवारी सकाळी दहाबारा जणांनी मिळून दोन पुरुष खोल खड्डा मारला आणि दुपारपर्यंत तळाला पाणी सुटलं. ते निवळायला तासभर थांबलो. सगळा गाव खड्ड्याभोवती जमला होता. आता खरं तर एक बाटली भरून पुण्याला न्यायची, तपासायची आणि पत्रानं कळवायचं, एवढंच करायचं होतं. पण अकराही बाटल्या भरून मेण लावून ठेवलेल्या. एखादी रिकामी करता आली असती. ओव्हरसियरला आठवडाभर थांबवता आलं असतं. घरात तेलाची बाटली होती, ती धुऊन घेता आली असती. हे सगळं मला आज सुचतं. त्या दिवशी मी तांब्या मागितला.

मी प्यालो. गोड लागलं. देवाशपथ सांगतो, मला ते गोड लागलं. दादानं घेतलं, पाटलांनी घेतलं, एकेक करून सगळ्यांनी घेतलं. "गोड हाय!" "साफ गोड हाय!" बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मिठानं मेलेल्या जिभा सगळ्या, माझी धरून. पुण्याचं पाणी ज्याला अळणी लागलं तो मी, आणि मला त्या क्षणी ते आठवलं नाही.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, डोंगरातल्या जिभंला द्या की!" सगळे वहिनीकडं वळले. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि तांब्या घेतला. मी तिच्या समोरच उभा होतो. मला खात्री होती, त्यामुळं मी हसत होतो. तिनं घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. माझ्याकडं बघितलं. मग आणखी एक घोट घेतला. आणि म्हणाली, "गोड हाय."

गाव नुसता उसळला. पाटलांनी तिथंच नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरनं चुना टाकून वर्तुळ आखलं आणि मी अकरा बाटल्या घेऊन पुण्याची एसटी धरली.

प्रबंधात मी त्या खड्ड्याला बारावी विहीर म्हणून घातलं. अकरा बाटल्यांत किती मीठ निघालं त्याचे आकडे तक्त्यात भरले. बारावीची ओळ रिकामी राहिली. सरांनी एकदा जाता जाता विचारलं, "ही रिकामी का?" मी म्हटलं, "आकडा वहीत आहे सर, उतरवायचा राहिलाय." खोलीवर आलो आणि सगळ्यांत गोड निघालेल्या विहिरीच्या आकड्यापेक्षा जरासा कमी आकडा लिहून टाकला. परीक्षेत कधी शेजाऱ्याच्या कागदाकडं बघितलं नव्हतं मी. पण हे मला खोटं वाटलंच नाही. चव घेतलीय ना? वहिनीनं गोड म्हटलंय ना? मग आकडा काय, तोही तसाच आला असता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "म्हणजे तुमच्या अभ्यासाचा गावाला प्रत्यक्ष उपयोग झाला म्हणा की." सर माझ्याकडं कौतुकानं बघत होते. पुढं मला पहिला वर्ग मिळाला.

निकाल लागायच्या आधीच दादाचं कार्ड आलं. दादाला लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. दोनच ओळी. विहीर खारट झाली. निघून ये.

वैशाख चालू होता. गावात शिरलो तर विहीर बांधून पुरी झालेली, वर कठडा, कठड्याला सरकारी चुना. रहाटाला दोर नव्हता. पाणी खाली गेलं होतं आणि जसजसं खाली गेलं तसतशी खाडी त्या भेगांमधून आत आली होती. पंधरा दिवसांपूर्वी डाळ शिजेनाशी झाली, मग चहात दूध नासायला लागलं, आणि शेवटी आमच्या लोकांनासुद्धा, मीठ खाऊन मीठ न कळणाऱ्यांनासुद्धा, ते कळलं. मी घरून दोर आणून पोहरा सोडला, ओंजळभर घेतलं आणि तोंडातून परत टाकलं. चार महिने गावातल्या प्रत्येक घरातला एकेक माणूस त्या खड्ड्यात उतरून खपला होता. एकाचा पाय सुरुंगाच्या दगडानं ठेचला होता. तो काठी टेकत माझ्या बाजूनं गेला.

दुपारी मारुतीच्या देवळापुढं गाव बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. पाटलांनी शांतपणे विचारलं, "बाला, तू पुस्तक शिकलेला. पानी तपासलं व्हतंस का नाय?"

आता त्यावर एकच उत्तर होतं. 'नाही, तपासलं नव्हतं.' एवढं म्हटलं असतं तर गावानं मला दोन वर्षं तोंड दाखवू दिलं नसतं, आणि मग विसरून गेले असते. आमची माणसं काही राक्षस नव्हेत. पण मला पहिला वर्ग दिसत होता, नोकरीचे अर्ज दिसत होते, तक्त्यातली बारावी ओळ दिसत होती. मी म्हटलं, "पाटील, चव तुमच्या सगळ्यांसमोर घेतली. वयनीनं गोड म्हटलं. तिच्या जिभेवर जागा ठरली."

ह्यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते इतकं नीच होतं.

सगळ्या माना तिकडं वळल्या. वहिनी बायांच्यात मागं, पारिजातकाच्या बुंध्याशी बसली होती. पाटलांची थोरली सून मोठ्यानं म्हणाली, "आमाला नाय कलत गं, आमी मिठातलीच. पन तुला कलतं ना? का येवडी वरसं नुसती मिरवत व्हतीस?" दुसरी म्हणाली, "डोंगरातली जीभ म्हनं! जल्लं मेलं लक्षण!" वहिनी उठून उभी राहिली. पदर पुढं ओढला. म्हणाली, "माजी चूक झाली." आणि खाली बसली. दादा जमिनीकडं बघत होता. मीही.

घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "परीक्षा कशी गेली रे?" मी म्हटलं, "बरी गेली."

त्यानंतर वहिनीला लग्नात रस्सा चाखायला कोणी बोलावलं नाही. पहिल्या वर्षी ती बोलावणं येईल म्हणून हात धुऊन बसायची, हे मला दादानं पुढं सांगितलं. नंतर तिनं ते सोडून दिलं. पाहुण्यांनी पुन्हा तोंडं वाकडी करायला सुरुवात केली, पण गावानं ते चालवून घेतलं, तिला बोलावलं नाही. बाया पुन्हा बांधावरून पलीकडच्या गावी जायला लागल्या. वहिनी तेवढी गेली नाही. जी बाराही महिने एकटी जायची, तीच थांबली. गाव नव्या विहिरीचं पाणी गुरांना पाजायचा, भांडी घासायला वापरायचा. प्यायला ते पाणी घेणारं माणूस गावात एकच होतं. दादा चिडायचा, रागानं हंडा लाथाडायचा. ती म्हणायची, "मी गोड बोलली ना? मंग मीच पिनार." झऱ्याच्या पाण्यावर वाढलेली ती बाई. पावसाळ्यात ते पाणी जरा बरं असायचं, उन्हाळ्यात कसं गिळत असेल देव जाणे.

मला सरकारी खात्यात नोकरी लागली. काम तेच, गावोगाव विहिरींच्या जागा दाखवायचं. माझ्यासारखा काटेकोर माणूस खात्यात नाही, असं वरिष्ठ म्हणायचे. बाटलीशिवाय मी पाण्याला शिवत नसे. हाताखालच्या एका पोरानं एकदा ओंजळीनं पाणी चाखून सांगितलं, तर मी त्याच्यावर असा ओरडलो की तो बिचारा रडकुंडीला आला. लोकांना वाटायचं, काय ही शिस्त! शिस्त कसली, भीती होती ती. घरी मी वर्षातून एकदा, फार तर दोनदा जायचो. गणपतीला यायचो, दोन दिवस राहायचो, वहिनीच्या हातचं जेवायचो आणि निघायचो. त्या विषयावर आमच्यात कधी अवाक्षर निघालं नाही.

आठदहा वर्षं अशी गेली. मग दादाचं पत्र आलं की वहिनीचे पाय सुजतात, दम लागतो, पनवेलच्या डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलंय. तिनं जेवणातलं मीठ बंद केलं होतं. पाण्याचं डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि घरातल्या कुणाला सुचलं नव्हतं. मी पत्र वाचलं. मला सुचलं होतं. मला तर तो आकडाही ठाऊक होता. गेल्या खेपेला तिच्या नकळत त्या विहिरीचं पाणी मी बाटलीत भरून नेलं होतं, तपासलं होतं आणि कागद खणात घालून ठेवला होता. सांगायला गेलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं.

रजा टाकून घरी गेलो. ती मागल्या दारी भिंतीला टेकून बसली होती. पाय लांब केलेले, घोटे दिसत नव्हते. माझ्याकडं बघून हसली. मी दादाला सायकलवर पलीकडच्या गावी पाठवला, दोन कळश्या पाणी आणायला. त्यातलं भांडंभर तिच्या हातात दिलं. ती प्याली. कितीतरी वेळ भांडं हातात धरून बसली.

मला राहवलं नाही. मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो. म्हटलं, "वयनी, त्या दिवशी खड्ड्याचं पानी तुला खरं कसं लागलं व्हतं?"

"खारट," ती म्हणाली. जणू मी काल विचारलं होतं. "पयल्या घोटालाच. मंग म्हटलं, आपलं चुकलं असंल. दुसरा घेतला. तो बी खारट."

"मग गोड का म्हटलीस?"

"तू हसत व्हतास ना. सगला गाव बघत व्हता. मना वाटलं, पोरगा शिकून आलाय, त्याच्या पुस्तकात कायतरी असंल. आता खारट लागलं तरी पुढं गोड व्हईल, ह्याला ठावं असंल. मी अडानी, मी कशाला आडवी येऊ?"

मी तिच्या जिभेवर टेकलो होतो आणि ती माझ्या पुस्तकावर. आणि दोन्हींच्या भरवशावर सगळा गाव.

मग मी तिला सगळं सांगितलं. बाटली नव्हती ते, पाणी तपासलं नाही ते, आकडा मनानं लिहिला ते, तोंडी परीक्षा, पहिला वर्ग, सगळं. बोलता बोलता मला रडू फुटलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि तसा तो मी देवळापुढंसुद्धा पाहिला नव्हता.

"म्हंजे तुला बी ठावं नव्हतं?" ती म्हणाली.

"नाय."

"मना वाटलं, तुजं काय तरी चुकलं असंल पुस्तकातलं. मोठ्या मानसांचं बी चुकतं. पन तू बघितलंच नाय?"

"नाय, वयनी."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मी आत्ताच्या आत्ता पाटलांकडं जातो. गाव गोला करून सांगतो. तुझा काय दोष नव्हता म्हनून सांगतो."

तिनं माझं मनगट धरलं. हाताला सूज होती, पण पकड घट्ट होती. म्हणाली, "नको. येवडी वरसं खाली मान घालून काडली मी. पोराचं बरं व्हावं म्हनून काडली. आता तू जाऊन सांगशील, तर लोक तुला खोटा म्हनतील आनि माजं सगलं सोसनं फुकट जाईल. बस खाली."

मी खाली बसलो. ती त्यानंतर पुरतं वर्षसुद्धा जगली नाही. पाटील गेले, दादा गेला, बांध फुटले, गावाच्या जागी शहराचे सेक्टर झाले, आणि मी कुणालाही काही सांगितलं नाही. लोकांना वाटेल, वहिनीचा शब्द मोडवला नाही म्हणून. मीही पुष्कळ वर्षं स्वतःला तेच सांगत आलो. पण त्या दुपारी मागल्या दारी तिनं माझं मनगट धरून 'नको' म्हटलं, तेव्हा सगळ्यांत आधी मला हायसं वाटलं होतं.